देवराईची टिपणं

पेडण्यातलं केरी तेरेखोलच्या मुखाशी, समुद्राला लागून. पर्यटकांना माहीत असतं ते हेच. सत्तरीतलं केरी मात्र चोर्ला घाटाच्या पायथ्याशी रानात आहे, आणि गोव्याच्या पर्यावरण चळवळीत नाव निघतं ते या केरीचं.

राजेंद्र केरकर इथलेच. विवेकानंद पर्यावरण जागृती फौजेच्या पोरांना घेऊन ते गावोगाव हिंडले. देवराया, वाघ्रो या व्याघ्रदेवाची ठाणी, वारुळातली सातेरी देवी, झरे असं सगळं टिपून मराठी वर्तमानपत्रांत लिहीत राहिले. पौर्णिमा केरकर यांनी बायकांच्या तोंडच्या ओव्या आणि सणवार यांचा अभ्यास केला. हे लेखन एकहाती कधीच नव्हतं. सांगणारी आजी आणि वाट दाखवणारा गुराखी यांचं नाव मुखपृष्ठावर येत नाही, एवढंच.

बांबरची निरंकाराची राई हे यातलं ठळक उदाहरण. देवाच्या धाकानं तिथं कुऱ्हाड लागली नाही. म्हणूनच जायफळाच्या कुळातल्या झाडांची पाणथळ राई टिकून राहिली. चिखलातून गुडघ्यासारखी वर आलेली तिथली मुळं पाहायला आता अभ्यासक येतात. 2007 साली पाय नसलेल्या उभयचराची, म्हणजे देवगांडुळाची, एक नवी जात शास्त्राच्या दप्तरी नोंदली गेली. ती सापडली केरीत, नाव पडलं ‘गोवाएन्सिस’. शोधनिबंधावर चौघांची नावं होती. त्यांतले निर्मल कुलकर्णी चोर्ला परिसरात काम करणारे.

टिपणांना पुढे कज्ज्याचं वजन आलं. 1999 मध्ये राष्ट्रपती राजवटीत राज्यपाल जेकब यांनी म्हादई अभयारण्य जाहीर केलं, सुमारे 208 चौरस किलोमीटरचं. कणकुंबीच्या कळसा नाल्याचं, म्हणजे म्हादई नदीचंच, पाणी मलप्रभेत वळवण्याच्या कर्नाटकच्या योजनेविरुद्ध निर्मला सावंत आणि केरकर म्हादई बचाव अभियानातून उभे राहिले. 2010 साली जलतंटा लवाद नेमला गेला आणि 2018 मध्ये त्याचा निवाडा आला: कर्नाटकला 13.42 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी.

वाघाचं प्रकरण अधिक बोचरं आहे. वाघ गोव्यात राहत नाहीत, नुसते येतात-जातात, असं अधिकारी सांगत. 2009 साली केरीच्या रानात वाघ मारला गेल्याचं उघड झालं. जानेवारी 2020 मध्ये गोळावलीत वाघीण आणि तिचे तीन बछडे मेलेले सापडले. गोवा फाउंडेशन या पर्यावरण संस्थेच्या याचिकेवर उच्च न्यायालयानं 24 जुलै 2023 रोजी तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करायला सांगितलं.

सत्तरीत या निकालाचं सरसकट स्वागत झालं नाही. मोकाशाच्या, म्हणजे जुन्या इनामी, जमिनींचा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या लोंबकळत असल्यानं काजूच्या बागा हातच्या जातील ही भीती इथं खरी आहे, आणि तिला नुसता अडाणीपणा म्हणणं अन्यायाचं होईल. वाघ्रोपुढे नारळ ठेवणारे आणि प्रकल्पाला विरोध करणारे पुष्कळदा एकाच वाड्यावरचे असतात. निकालाविरुद्ध राज्य सरकारही सर्वोच्च न्यायालयात गेलं.