तेलाची पाचर

मागच्या व्याख्यानात आपण वाफेच्या इंजिनापाशी थांबलो होतो. आज बेअरिंगकडे वळू. बेअरिंगला तेल लागतं, हे आपल्याला माहीत असतंच. पण ते तेल आत नेमकं करतं काय?

१८८३ साली इंग्लंडमध्ये बीचम टॉवर हे कोडं सोडवत होते. घर्षण मोजण्याचं काम त्यांना तिथल्या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेनं दिलं होतं. चार इंच व्यासाचा शाफ्ट, खालून तेलात बुडालेला, आणि वरून भार देणारं अर्धं बेअरिंग. तेल घालायला त्यांनी रिवाजाप्रमाणे बेअरिंगच्या माथ्यावर भोक पाडलं. यंत्र सुरू केलं, तर त्या भोकातून तेल उलट वरच येऊ लागलं! लाकडी बूच ठोकलं, तर तेही बाहेर ढकललं गेलं. मग दाबमापक बसवला. बेअरिंगवरचा सरासरी भार दर चौरस इंचाला १०० पौंड. काटा मात्र २०० च्याही पुढे गेला.

याचा अर्थ बघा. धातू धातूला टेकलेलाच नव्हता, शाफ्ट तेलावर तरंगत होता. आणि जिथे दाब सर्वांत जास्त, तिथेच भोक पाडून आपण तो वाया घालवत होतो.

१८८६ मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी याचं गणित मांडलं. शाफ्ट किंचित एका बाजूला सरकलेला असतो, त्यामुळे फट निमुळती होते. फिरणारा शाफ्ट चिकट तेल त्या फटीत ओढतो, तेलाची पाचर बनते आणि तीच भार उचलते. पंपाची गरज नाही, गती पुरते.

मग गती वाढवत नेली तर? पार्सन्स यांचं १८८४ चं टर्बाइन मिनिटाला १८,००० फेरे घेत असे. जास्त वेगानं पाचर बळकट होते, हे खरं. पण फटीतलं तेल साधारण शाफ्टच्या निम्म्या वेगानं फिरतं, आणि हलका भार असलेल्या शाफ्टला ते आपल्याबरोबर गरगरवू लागतं. १९२५ मध्ये अमेरिकेत न्यूकर्क आणि टेलर यांनी हे दाखवून दिलं. शाफ्टचा वेग त्याच्या पहिल्या क्रांतिक वेगाच्या दुप्पट झाला, की ही थरथर यंत्र मोडू शकते.

यावर एक उत्तर म्हणजे झुकणाऱ्या पट्ट्यांचं बेअरिंग. प्रत्येक पट्टी आपला कोन आपणच जुळवून घेते. ही कल्पना ऑस्ट्रेलियात मिशेल आणि अमेरिकेत किंग्जबरी यांनी स्वतंत्रपणे पुढे आणली होती, पण शाफ्टचा लांबीच्या दिशेनं येणारा रेटा पेलण्यासाठी. थरथरीवर ती नंतर कामी आली.

म्हणजे जे तेल तारतं, तेच वेग वाढल्यावर हादरवतंही. पुढच्या वेळी टर्बाइनकडे जाताना हे लक्षात ठेवू.