रंग वेगळा म्हणून जात वेगळी?

वडगाव मावळ आणि लोणावळा परिसरातील बंगल्यांच्या आवारात लॅब्रॅडॉर किंवा जर्मन शेफर्ड सहज दिसतात. अशा जातिवंत कुत्र्यांची पिल्ले अलीकडे ‘सिल्व्हर’, ‘ब्लू’, ‘मर्ल’ अशा विशेषणांनिशी चढ्या भावाने विकली जातात. ही दुर्मिळ, स्वतंत्र जात आहे, असेही ग्राहकाला सांगितले जाते. या दाव्यात कितपत तथ्य आहे?

लॅब्रॅडॉरचे काळा, पिवळा व चॉकलेटी हे तीन मान्य रंग आहेत. एकाच वेतात तिन्ही रंगांची पिल्ले जन्मू शकतात, कारण हा फरक मुख्यत्वे दोन जनुकांचा असतो. ‘सिल्व्हर’ छटा म्हणजे रंग फिका करणाऱ्या आणखी एका जनुकामुळे उतरलेला चॉकलेटी रंग होय. जात मात्र एखाद्या जनुकावर ठरत नाही. ठराविक बांधा, स्वभाव व कामाची क्षमता, पिढ्यान्‌पिढ्या तशीच उपजणारी संतती आणि नोंदलेली वंशावळ हे तिचे निकष आहेत.

आपल्याकडील पशुपालकांनी हा विवेक पूर्वीपासून पाळला आहे. सोलापूर, लातूरपासून कर्नाटकातील मुधोळपर्यंत आढळणारा शिकारी कुत्रा पांढरा, बदामी, काळा, करडा अशा अनेक रंगांचा असतो. कारवान व मुधोळ हाउंड या नावांवरून वाद झाले. पण रंगागणिक नवी जात कोणी मांडली नाही. 2005 मध्ये टपाल खात्याने मुधोळ हाउंडवर तिकीट काढले. लातूरच्या देवणी गोवंशातही रंगांवरून वानेरा, बालंक्या व शेवरा असे तीन प्रकार ओळखले जातात. जात मात्र एकच, देवणी.

याला अपवाद नाहीत असे नाही. जर्मन शेफर्डमध्ये पांढरा रंग दोष मानला जातो. अशा पांढऱ्या कुत्र्यांची पैदास अमेरिका व स्वित्झर्लंडमध्ये वेगळी होत राहिली. 1991 मध्ये स्वित्झर्लंडने त्यांची स्वतंत्र नोंद सुरू केली आणि 2011 मध्ये आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाने ‘व्हाइट स्विस शेफर्ड’ला अंतिम मान्यता दिली. येथे रंग हे केवळ निमित्त ठरले. मान्यता मिळाली ती अनेक पिढ्यांच्या स्वतंत्र पैदाशीला.

केवळ रंगासाठी केलेल्या पैदाशीची किंमत मुक्या जिवाला मोजावी लागते. दोन मर्ल कुत्र्यांचा संकर केल्यास सरासरी चारातील एका पिल्लात हे जनुक दोन्हीकडून येते. अशा पिल्लांना बहिरेपणा व डोळ्यांच्या विकृतींचा मोठा धोका असतो. फिक्या रंगाच्या काही कुत्र्यांचे केस गळतात, त्वचा वारंवार चिघळते. शिवाय मोजक्याच रंगीत जनावरांत संकर होत राहिल्याने रक्तसंबंध वाढतो, तो वेगळाच.

पिल्लू घेताना रंगापेक्षा आईवडील पाहावेत, त्यांची वंशावळ व आरोग्य तपासणीचे दाखले मागावेत. 2017 च्या केंद्रीय नियमांनुसार श्वानपैदास करणाऱ्याला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी बंधनकारक असून आठ आठवड्यांखालील पिल्लू विकता येत नाही. नोंदणी क्रमांक विचारल्यावर जो विक्रेता रंगाचेच कौतुक सांगत राहील, त्याच्याकडून पिल्लू न घेणेच श्रेयस्कर.