राईन मावेल एवढी फिल्म

बॉनला आलेल्या पाहुण्यांना आपण मंडळी एकदा तरी आल्टर त्सोलच्या बुरुजावर नेतोच. खाली राईन, दूरवर झीबेनगेबिर्गेच्या टेकड्या आणि त्यात ३२१ मीटर उंचीचा ड्राखेनफेल्स. मग ठरलेला प्रश्न येतो, "अरे, हे सगळं एका फोटोत कसं येणार?"

हा प्रश्न फोटोग्राफीपेक्षाही जुना आहे. रॉबर्ट बार्कर या चित्रकाराने १७८७ मध्ये प्रेक्षकाला चहूबाजूंनी वेढणाऱ्या गोल चित्राचं पेटंट घेतलं. 'पॅनोरमा' हे नाव थोड्याच वर्षांत रूढ झालं. आपल्या राईनचा पॅनोरमा डेल्केस्काम्प यांनी १८२५ मध्ये काढला. माइन्झ ते कोलोन असा सगळा नदीकाठ एका लांबलचक घडीच्या पट्टीवर! प्रवासी ती पट्टी बरोबर घेऊन फिरत.

चित्रकाराला कागद जोडता येत होता, फोटोग्राफरचं काय? पॅरिसमध्ये फ्रेडरिक फॉन मार्टेन्स यांनी १८४५ च्या सुमारास फिरत्या भिंगाचा कॅमेरा केला. त्यात सुमारे १५० अंशांचं दृश्य मावे, पण त्यासाठी धातूची पत्रीच वाकवावी लागे. वाकणारी रोल फिल्म आल्यावर हे काम सोपं झालं. १८९८ मध्ये 'अल-व्हिस्टा' आणि १८९९ मध्ये कोडॅकचा 'पॅनोरम' बाजारात आला. पण भिंग फिरलं की सरळ रेषा वाकतात. राईनचा सरळ काठ फोटोत धनुष्यासारखा दिसतो.

दुसरा मार्ग म्हणजे भिंग स्थिर ठेवायचं आणि फिल्मच रुंद वापरायची. म्युनिकच्या लिनहोफ कंपनीने १९७० च्या दशकात 'टेक्नोरामा' काढला. १९०१ पासून चालत आलेल्या १२० फिल्मवर त्यात साधारण ५६ बाय १६८ मिलिमीटरची निगेटिव्ह मिळते. रेषा सरळ राहतात, पण एका रोलमध्ये फोटो फक्त ४! मधला मार्ग १९९८ च्या 'हॅसलब्लाड एक्सपॅन'ने दाखवला. आपल्या नेहमीच्या ३५ मिलिमीटर फिल्मवर २४ बाय ६५ ची चौकट आणि ३६ च्या रोलमध्ये २१ फोटो.

तिसरा मार्ग सर्वांत स्वस्त, आणि आपल्यापैकी बहुतेकांनी वापरलेला. नव्वदच्या दशकातल्या अनेक साध्या कॅमेऱ्यांवर 'पॅनोरमा'चं बटण असे. ते सरकवलं की फिल्मसमोर वर-खाली झडपा येत आणि २४ बाय ३६ च्या चौकटीतली जेमतेम १३ बाय ३६ ची पट्टी उरे. दृश्य तसूभरही रुंद होत नसे, फक्त उंची कापली जाई. टेक्नोरामाची निगेटिव्ह या पट्टीच्या सुमारे वीसपट मोठी असते.

याची किंमत मला उशिरा कळली. १९९७ च्या उन्हाळ्यात आई-बाबा इथे आले होते. आल्टर त्सोलवर त्यांच्यापुढे आमची तीन वर्षांची लेक उभी होती. मी मोठ्या हौसेने बटण सरकवून फोटो काढला. व्ह्यूफाइंडरमधल्या खुणांकडे लक्षच गेलं नाही. राईन छान आली, आई-बाबाही आले, लेकीचे मात्र वरचे केस तेवढे दिसले. बाबा २००३ मध्ये गेले. तिघांचा बॉनमधला तो एकच फोटो. मी निगेटिव्ह शोधून उजेडात धरली, की निदान तिथे तरी ती असेल. वर आणि खाली कोऱ्या पट्ट्या होत्या. झडपांमुळे तिथे प्रकाश पोचलाच नव्हता.

हे सगळं सांगण्याचं कारण वेगळंच आहे. १९९६ मध्ये आलेल्या एपीएस फिल्मवरही 'पी' नावाचे लांबट फोटो मिळत. पण तिथे काटछाट फक्त छपाईत होत असे, निगेटिव्हवर १६.७ बाय ३०.२ मिलिमीटरची पूर्ण चौकट उमटलेली असे. ही फिल्म २०११ मध्ये बंद झाली, तरी धुतलेली निगेटिव्ह त्या छोट्या डबीतच गुंडाळलेली असते. तेव्हा तळघरातल्या खोक्यांत अशा डब्या असतील तर टाकू नका, स्कॅन करून घ्या. लांबट फोटोत कापलं गेलेलं कुणीतरी तिथे अजून पूर्ण उभं असेल.

आमच्या खोक्यात तशी डबी नव्हती. तुमच्याकडे असली तर जरूर कळवा, मला मनापासून आनंद होईल.