घरच्या शेडमध्ये पहिली लाकडी होडी बनवायचीय? आधी ती किती माणसांची, ते ठरवा

नंदुरबार जिल्ह्याला समुद्र नाही. तरी होडीशिवाय ज्यांचं पान हलत नाही अशी गावं या जिल्ह्यात आहेत.

सरदार सरोवर धरणामुळे महाराष्ट्रातली 33 गावं बाधित झाली. सगळी अक्कलकुवा आणि धडगाव म्हणजे अक्राणी तालुक्यातली. मणिबेली, चिमलखेडी ही नावं तुम्ही बातम्यांत ऐकली असतील. पाणी चढलं तसे बरेच पाडे टेकड्यांवर उरले आणि रेशन, बाजार, दवाखाना यांच्या वाटेत नर्मदा आली. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे यांची बातमी देशभर गाजली. गरोदर बायका आणि बाळं अंगणवाडीपर्यंत येऊ शकत नव्हती, म्हणून त्या मासेमारीची छोटी होडी घेऊन स्वतः वल्हवत पाड्यांवर जात होत्या.

दुसरीकडे, परदेशात कुणीतरी गाडी बाहेर काढून गॅरेजमध्ये लाकडी होडी बांधतोय, अशी रील्स आपण तासन्‌तास बघतो. ते आपल्याकडे जमेल का? जमेल. सुतारकाम तुम्हाला वाटतं तितकं अवघड नाही. अवघड प्रश्न वेगळाच आहे, त्याकडे येऊच.

टाके घालून होडी?

जुन्या पद्धतीची लाकडी होडी म्हणजे आधी कणा, त्यावर वाकवलेल्या फासळ्या आणि त्यांवर फळ्या. हे हात बसलेल्या कारागिराचं काम. पहिल्यांदा बांधणाऱ्यासाठी सोपी पद्धत आहे ती प्लायवूडची. प्लायचे तुकडे शिंप्यासारखे बेतून कापायचे, कडेला छोटी भोकं पाडायची, तांब्याच्या तारेने तुकडे एकमेकांना टाचायचे आणि आतल्या सांध्यात इपॉक्सी भरून वरून फायबरग्लासची पट्टी चिकटवायची. इपॉक्सी घट्ट झालं की तार काढून टाकायची.

ही पद्धत जगभर पसरली ती 1963 च्या सुमारास, ब्रिटनमधल्या 'मिरर डिंगी'मुळे. 'डेली मिरर' या वर्तमानपत्राने ती वाचकांसमोर आणली, म्हणून ते नाव. सामानाचा संच विकत घ्यायचा आणि घरी होडी जोडायची. अशा 70 हजारांहून जास्त होड्या झाल्या.

पण होडी 'शिवणं' हे काही ब्रिटिशांचं डोकं नव्हे. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर फळ्या काथ्याच्या दोरीने शिवून जहाजं बांधायची परंपरा फार जुनी. अजिंठ्याच्या चित्रातल्या पाचव्या शतकातल्या जहाजावरून बेतलेलं, तसंच शिवलेलं 'कौंडिण्य' हे जहाज मे 2025 मध्ये भारतीय नौदलात दाखल झालं. ते बांधलं गोव्यात, आणि बांधणाऱ्या कंपनीच्या नावातच 'होडी' आहे: होडी इनोव्हेशन्स.

मग किती माणसं बसतील?

खरा अवघड प्रश्न हा. बहुतेक रील्समध्ये तो नसतोच.

समजा तुमची होडी 12 फूट लांब, वरून 4 फूट आणि तळाला 3 फूट रुंद, 16 इंच म्हणजे 40 सेंटिमीटर उंच आहे. टोकं निमुळती धरली तर ती 1 सेंटिमीटर खाली जायला साधारण 23 किलो वजन लागतं. होडीचं स्वतःचं वजन 50 किलो आणि प्रत्येकी 60 किलोची तीन माणसं, म्हणजे 230 किलो. होडी 10 सेंटिमीटर बुडाली, 30 सेंटिमीटर काठ पाण्याबाहेर. छान.

आता आठ जण बसवा. एकूण 530 किलो. होडी 23 सेंटिमीटर बुडेल आणि 17 सेंटिमीटर काठ वर राहील. एक वीतसुद्धा नाही. किनाऱ्यावरून बघणारा म्हणेल, 'तरंगतेय की, चला!' इथेच घात होतो. तीन माणसं असताना होडी 26 अंशांच्या आसपास कलली तरच काठ पाण्याला टेकतो. आठ असताना 15-16 अंश पुरतात. त्यात एकजण उभा राहिला, दोघं एका बाजूला वाकले किंवा शेजारून मोटरबोट लाट उठवत गेली, की पाणी आत. आत आलेलं पाणी वाहत त्याच खालच्या बाजूला जातं आणि होडी आणखी कलते. उपसायला वेळच मिळत नाही.

अमेरिकेच्या तटरक्षक दलाने छोट्या बोटींसाठी एक सोपा अंदाज दिलाय: लांबी गुणिले रुंदी, दोन्ही फुटांत, भागिले 15. आपल्या होडीचं उत्तर 3.2. म्हणजे तीन माणसं. चार नाही. हा अंदाजसुद्धा शांत पाण्यासाठी; वारा असेल तर त्याहून कमी. आणि धरणाचं पाणी लांबरुंद पसरलेलं असतं, तिथे वाऱ्याला लाट उठवायला मोकळं मैदान मिळतं.

हे गणित कोरडं वाटत असेल तर जानेवारी 2019 आठवा. संक्रांतीच्या दिवशी धडगाव तालुक्यात नर्मदेत बोट उलटली आणि किमान सहा जण बुडाले. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती, असं तेव्हाच्या बातम्यांत होतं. म्हणून होडी पूर्ण झाली की आतल्या बाजूला रंगाने ठळक आकडा लिहा. पाहुणे आले की तुम्हाला 'नाही' म्हणायला तो आकडा उपयोगी पडेल.

सामान कुठलं घ्यायचं?

प्लाय घेताना 'मरीन प्लाय' या शब्दावर जाऊ नका, त्यावर आयएस 710 हा शिक्का शोधा. आयएस 303 चा प्लाय फर्निचरसाठी ठीक, होडीसाठी नको. 12 फुटी होडीला 6 मिलिमीटरचे 8 बाय 4 चे तीन-चार ताव लागतात. ताव आठच फुटी असल्याने दोन जोडावे लागतात. दोन्ही कडा तिरप्या तासून एकावर एक चिकटवल्या की सांधा पक्का होतो. उतार जाडीच्या आठपट ठेवा, म्हणजे 48 मिलिमीटर.

काठाच्या पट्ट्या आणि बैठकीला साग उत्तम. सातपुड्यात साग आहे म्हणून कुऱ्हाड घेऊन निघू नका. सागाची तोड आणि वाहतूक दोन्हींना परवानगी लागते. वखारीतून बिल घेऊन आणा, थोड्याच पट्ट्या तर लागतात.

इपॉक्सीबाबत एक स्थानिक अडचण: आपलं ऊन. बादलीभर इपॉक्सी एकदम कालवलं तर ते स्वतःच्याच उष्णतेने तापतं, धूर सोडतं आणि हातात असतानाच दगड होतं. मे महिन्यात तर बघायलाच नको. हे काम हिवाळ्यात करा, थोडं थोडं कालवा, हातमोजे घाला आणि शेडची दारं उघडी ठेवा.

पाण्यात उतरवण्याआधी

वीस लिटरचे चार रिकामे कॅन झाकणं घट्ट लावून बैठकीखाली पक्के बांधा. होडीत पाणी भरलं तरी ते मिळून जवळपास 80 किलोचा भार पेलतात. मग कंबरभर पाण्यात होडी मुद्दाम काठोकाठ भरून बघा. तरंगत राहिली आणि धरून राहता आलं, तर पास. ही परीक्षा सगळे टाळतात, कारण नव्या होडीत आपणच पाणी ओतायचं जिवावर येतं.

वल्ह्याची होडी असली तरी त्या तलावाचा किंवा धरणाचा कारभार ज्यांच्याकडे आहे त्यांना आणि ग्रामपंचायतीला आधी विचारा. इंजिन लावायचं मनात असेल तर अंतर्देशीय जहाज कायदा, 2021 लागू होतो: तपासणी, नोंदणी, सगळं आलं. शिवाय इंजिन आणि इंधनाचं वजन वरच्या गणितात धरावं लागेल. 40 किलोचं इंजिन आलं, की तीनातला एक माणूस काठावरच राहिला.