मुलांच्या मौनाचा अर्थ

प्रजननसंस्थेचा धडा संपवून "काही शंका?" असे विचारले की वर्गातील मुले खाली माना घालतात. त्यांना सारे समजले असे मानावे का? हाच पेच संशोधकांपुढेही होता. तरुण पुरुषांची लैंगिकतेविषयीची मते जाणून घेण्याचा इतिहास पाहिला, तर तो बराचसा प्रश्न विचारण्याच्या पद्धतीचा इतिहास आहे.

महाराष्ट्रात पाहणीच्या आधी शंका आल्या. गणिताचे प्राध्यापक र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले. वाचक आपल्या अडचणी पत्राने कळवीत आणि कर्वे त्यांची उत्तरे छापीत. अशा उत्तरांवरूनच त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली, तरी दंड झालाच. पण पत्रे कितीही आली, तरी न लिहिणाऱ्यांचे काय, हे त्यांतून कळत नाही.

अमेरिकेत कीटकशास्त्रज्ञ आल्फ्रेड किन्से यांनी १९३८ पासून लोकांच्या समक्ष मुलाखती घेतल्या. "असे कधी केले आहे का?" ऐवजी "पहिल्यांदा केव्हा केले?" असे ते विचारीत. त्यामुळे खरे सांगणे सोपे जाई. उत्तरे सांकेतिक चिन्हांत नोंदली जात. १९४८ च्या त्यांच्या ग्रंथाला सुमारे ५,३०० पुरुषांच्या मुलाखतींचा आधार होता. मात्र ही माणसे यादृच्छिक पद्धतीने निवडलेली नव्हती, हा दोष संख्याशास्त्रज्ञांनी दाखवून दिला.

भारतातील पहिल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (१९९२-९३) नमुना शास्त्रीय होता, पण मुलाखती फक्त १३ ते ४९ वयाच्या विवाहित किंवा पूर्वी विवाह झालेल्या स्त्रियांच्या होत्या. जणू प्रजनन ही एकट्या स्त्रीचीच बाब! १९९४ च्या कैरो परिषदेने पुरुषांच्या जबाबदारीवर भर दिला. पुढे २००५-०६ च्या तिसऱ्या पाहणीत ७४,३६९ पुरुषांच्या मुलाखती झाल्या. त्यांत अविवाहितही होते.

त्यानंतर मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आणि पॉप्युलेशन कौन्सिल यांनी महाराष्ट्रासह सहा राज्यांत तरुणांची मोठी पाहणी केली. तिच्यात एक साधी युक्ती होती. विवाहापूर्वीच्या संबंधांविषयीचे उत्तर तरुणाने स्वतः कार्डावर नोंदवायचे आणि लिफाफा बंद करून द्यायचा. समोरासमोर नाकारलेली गोष्ट काहींनी लिफाफ्यात कबूल केली. माणूस तोच, प्रश्नही तोच. फरक होता तो सुरक्षिततेचा.

वर्गात यासाठी मोठा खर्च लागत नाही. खोक्याला एक चीर पाडावी आणि प्रत्येकाला सारखाच कागद द्यावा. शंका नसेल त्यानेही कोरा कागद टाकावा, म्हणजे कोणी विचारले ते उघड होणार नाही. मग खोका उघडून पाहावा. मुले गप्प का होती, ते त्या चिठ्ठ्याच सांगतील.