छापण्याआधीची खटपट

आज प्रिंटरच्या सेटिंगसाठी पडद्यावर एक खिडकी उघडते. १९८० साली आलेल्या एप्सनच्या एमएक्स-८० या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरला ही सोय नव्हती. काही गोष्टी बदलायच्या तर यंत्र उघडून आतले इवलेसे स्विच सरकवावे लागत. ठसठशीत अक्षर हवे? मग संगणकाकडून २७ आणि ६९ हे दोन संकेतांक प्रिंटरला धाडायचे.

डॉसच्या काळातला खरा जाच वेगळाच. प्रत्येक प्रोग्रॅमला प्रिंटरची ओळख स्वतंत्रपणे करून द्यावी लागे. वर्डपरफेक्टमध्ये पत्र नीट छापले गेले, म्हणून लोटसमधला तक्ताही छापला जाईल याची खात्री नसे. तिथे प्रिंटर पुन्हा निवडायचा.

विंडोजने ही जबाबदारी स्वतःकडे घेतली. ड्रायव्हर एकदा बसवला की तो सगळ्या प्रोग्रॅमना चाले. १९९० च्या विंडोज ३.० नंतर ही पद्धत सर्वदूर रुजली. घरी छपाई करणाऱ्यांसाठी हा बदल लेझर प्रिंटरच्या शोधाइतकाच मोलाचा मानायला हवा.

कागदाच्या मापाचा घोळ मात्र टिकून राहिला. अमेरिकी ‘लेटर’ २१६ बाय २७९ मिलिमीटरचा, भारतात रूढ असलेला ए४ २१० बाय २९७ चा. सेटिंग ‘लेटर’वरच राहिली, तर ट्रेमध्ये ए४ कागद असूनही काही प्रिंटर दुसरा कागद मागत अडून बसतात.