मिर्झा कोण झाला होता?

बदलापूरहून सुटणाऱ्या सकाळच्या लोकलमध्ये चार-पाच जण मिळून वर्तमानपत्रातले शब्दकोडे सोडवतात. आम्ही सोनिवलीत राहतो आणि उर्दू शाळेत शिकवतो. त्या घोळक्यात आमचेही काम ठरलेले आहे. सूचनेत मुस्लिम नाव आले की वर्तमानपत्र आमच्या हाती येते. एकदा सूचना होती : ‘शेजारी’ चित्रपटातील मिर्झा, पाच अक्षरे. “सर, हे तुमच्यातलं, सांगा!” आम्हाला सांगता आले नाही. खरे तर आम्हीही मनात शेख नाहीतर खान असेच काही शोधत होतो.

शब्दकोडे आणि आपला चित्रपट एकाच वर्षाची भावंडे आहेत. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईत झळकला आणि २१ डिसेंबर १९१३ रोजी आर्थर विन यांचे पहिले शब्दकोडे न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात छापून आले. फाळक्यांच्या चित्रपटात तारामती झाले होते अण्णा साळुंके. ‘लंकादहन’मध्ये (१९१७) राम आणि सीता दोघेही तेच होते. नट आणि भूमिका यांची नावे जुळवताना फसगत होणे हे असे पहिल्यापासूनचे आहे. १९४० साली ‘प्रभात’च्या चित्रपटात ज्ञानेश्वर झालेले शाहू मोडक अहमदनगरच्या ख्रिस्ती घरातले होते.

‘शेजारी’ त्याच ‘प्रभात’चा, १९४१ मधला. कथा विश्राम बेडेकरांची, दिग्दर्शन व्ही. शांताराम यांचे. आदल्याच वर्षी लाहोरला मुस्लिम लीगने वेगळ्या राष्ट्राचा ठराव केला होता. अशा वेळी शांतारामांनी गावातल्या दोन म्हाताऱ्या मित्रांची गोष्ट सांगितली : जिवबा आणि मिर्झा. धरणाच्या कामातून त्यांच्यात फूट पाडली जाते आणि शेवटी धरण फुटते तेव्हा दोघे एकत्रच मरतात. मराठीत जिवबा झाले केशवराव दाते. ‘पडोसी’ या हिंदी आवृत्तीत हिंदू ठाकूर झाले मझहर खान. मिर्झा मात्र दोन्हीकडे एकच : गजानन जागीरदार. हेच जागीरदार १९४४ साली रामशास्त्री प्रभुणे झाले.

त्याच १९४४ मध्ये पेशावरात जन्मलेल्या आणि देवळालीत शिकलेल्या युसूफ खानाचा पहिला चित्रपट ‘ज्वारभाटा’ आला, तो दिलीपकुमार या नावाने. आम्ही वर्गात फळ्यावर तीन चौकटी काढल्या आणि सूचना लिहिली : ‘मुघल-ए-आझम’मधील सलीम. काही मुलांनी ‘दिलीप’ लिहिले, काहींनी ‘युसूफ’. मराठीत दोन्ही नावांना तीन-तीन चौकटी लागतात. उर्दूत अक्षरे सुटी मांडली, तर दोन्हींना चार-चार. आम्ही दोघांनाही पूर्ण गुण दिले.

मिर्झाचे उत्तर आम्ही दुसऱ्या दिवशी लोकलमध्ये सांगितले. क्षणभर कुणी बोलले नाही. मग एक सहप्रवासी हसत म्हणाले, “म्हणजे ते आपलेच निघाले की!”

उर्दूत ‘हम’ एकच असतो. मराठीत ‘आम्ही’ वेगळे, ‘आपण’ वेगळे. ऐकणाराही ज्यात धरलेला असतो ते ‘आपण’. मुलांना हा फरक समजावताना आम्ही आता त्यांचेच वाक्य सांगतो. त्यांनी त्या ‘आपल्या’त आम्हाला धरले होते की नाही, ते मात्र आम्ही विचारले नाही. ते वर्तमानपत्र अजूनही आधी आमच्याकडेच देतात.